सहातला एक गप्प का? जुन्या ट्रकच्या ‘मिसिंग’चा शोध

सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन स्लोवर नीट चालत असेल तर त्याचा आवाज सलग येतो. त्यातला एक सिलिंडर काम सोडतो तेव्हा त्या आवाजात खड्डा पडतो: ढग-ढग-ढग-ढग-ढग, आणि मग एक रिकामी जागा. केबिन डुलायला लागते, गिअरचा दांडा हलतो, आरसा थरथरतो. गॅरेजच्या भाषेत, ‘गाडी मिसिंग मारतेय’.

मिसिंगचं कारण पन्नास-शंभर रुपयांचा वायसर असू शकतं, चोक झालेला फिल्टर असू शकतं, किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगा. पहिल्या दोन गोष्टी तासाभरात निपटतात. तिसरीत इंजिन उतरवावं लागतं, गाडी कित्येक दिवस उभी राहते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. लक्षण मात्र तिन्हींत साधारण एकच. म्हणूनच ‘इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य ऐकण्याआधी काय काय तपासता येतं, हे ज्याची एकच गाडी आहे अशा माणसाला माहीत असायला हवं.

माझ्या संशोधनाचा विषय आहे यंत्राची कंपनं मोजून त्याचा बिघाड ओळखणं. आज मिसिंगचं शास्त्र दोन्ही बाजूंनी सांगतो. मिस्त्री ते हाताने आणि कानाने कसं शोधतात, आणि सेन्सर व गणित घेऊन आम्ही तेच कसं शोधतो. शेवटी दोन्हींची एकमेकांना कुठे गरज लागते तेही बघू.

आधी इंजिन कोणतं, ते ठरवू

उदाहरण म्हणून टाटाचं ६९७ इंजिन घेतो. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि भारतात ट्रक बनायला लागले. हे इंजिन त्याच घराण्यातलं. नावातच माहिती आहे: ६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनचा स्ट्रोक १२८ मिलिमीटर. गुणाकार केलात तर एकूण क्षमता ५,६७५ सीसी येते. (छोट्या ४०७ वरचं ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, व्यास तोच ९७.)

या इंजिनात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागत नाही. डिझेल किती आणि कधी जायचं हे एक यांत्रिक पंप ठरवतो. त्याला अजूनही पुष्कळ जण ‘मायको पंप’ म्हणतात, कारण बॉशचे हे पंप भारतात मायको कंपनी बनवायची. पंपात सहा सिलिंडरसाठी सहा छोटे प्लंजर असतात. प्रत्येकातून एक जाड भिंतीचा पोलादी पाइप निघून आपापल्या नोझलला जातो.

इथे मेणबत्ती नाही, म्हणजे स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो. म्हणजे एका सिलिंडरच्या एका ठोक्याला तीनच गोष्टी लागतात: पुरेशी दाबलेली हवा, योग्य मापाचं डिझेल आणि त्याचा बारीक फवारा, तोही अगदी वेळेवर. मिसिंग असेल तर यांपैकी काहीतरी कमी पडतंय.

डिझेल नेमकं किती?

पूर्ण लोडवर एका ठोक्याला साधारण ४५ घन मिलिमीटर डिझेल लागतं. हे माप पाण्याच्या एका थेंबाएवढं. स्लोवर ते आठ-नऊ घन मिलिमीटरवर येतं, म्हणजे बाजरीच्या एका दाण्याएवढं. हा दाणा नोझलच्या केसासारख्या बारीक भोकांतून २००-२५० बार दाबाने बाहेर पडतो. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो, त्यावरून अंदाज करा.

आता त्या पोलादी पाइपात बाजरीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा शिरला असं समजा. डिझेल जवळजवळ दबत नाही. प्लंजरने ढकललं की दाब लगेच चढतो आणि नोझल उघडतं. हवा मात्र स्पंजसारखी दबते. १ बारची हवा २०० बारपर्यंत न्यायची तर तिचं आकारमान दोनशेव्या भागावर आणावं लागतं. म्हणजे प्लंजरने ढकललेला सगळा दाणा तो बुडबुडा दाबण्यातच खर्च झाला. नोझल उघडलंच नाही. एवढ्याशा हवेने सहा लिटरच्या आसपासचं इंजिन एक ठोका चुकतं. ‘एअर धरली’ या दोन शब्दांमागचं भौतिकशास्त्र एवढंच आहे.

पहिला प्रश्न: मिसिंग ठरावीक आहे की भटकं?

पाना हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं ऐका. सायलेन्सरच्या तोंडाशी, थोडं बाजूला उभं राहून. खड्डा दर सहाव्या ठोक्याला, घड्याळासारखा पडतोय का? की कधी पडतो, कधी नाही, मधेच दोन सलग?

ठरावीक खड्डा म्हणजे दोष एकाच सिलिंडरचा: त्याचं नोझल, त्याचा पाइप, पंपातला त्याचा प्लंजर, त्याचे व्हॉल्व्ह, त्याच्या रिंगा.

भटकं मिसिंग म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर, टाकी ते पंप या रस्त्यात. चोक झालेला फिल्टर, डिझेलमधलं पाणी, थकलेला फीड पंप, किंवा टाकीकडून येणाऱ्या नळीला कुठेतरी चीर. या नळीची गंमत अशी की ती ओढणाऱ्या बाजूला असते. चीर असली तरी चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही. उलट हवा आत खेचली जाते. त्यामुळे ‘गळती तर कुठेच दिसत नाही’ म्हणून माणूस ती बाजू सोडून देतो. खात्री करायची तर त्या नळीचा एक तुकडा थोडा वेळ पारदर्शक नळीने बदलतात. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

मिसिंग भटकं असेल तर इंजिन खोलायची भाषा आधी बंद करा. फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, हँड पंप मारून एअर काढा. सामाईक वाटेतल्या बहुतेक दुरुस्त्या स्वस्त असतात, म्हणून त्या पहिल्यांदा.

दुसरा प्रश्न: कोणता सिलिंडर?

ठरावीक मिसिंगमध्ये गॅरेजात होणारी परीक्षा सुंदर आहे. इंजिन स्लोवर ठेवायचं. एका नोझलवर येणाऱ्या पाइपचं नट पान्याने अर्धा-एक आटा सैल करायचं. दाब तिथेच निसटतो, नोझल उघडत नाही, तो सिलिंडर बंद पडतो. आता ऐका.

आवाज आणखी बिघडला, इंजिन जास्त हललं, तर तो सिलिंडर काम करत होता. नट आवळा, पुढे चला. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच मेलेला होता. तुम्ही मेलेल्याला मारलंत. थोडासा फरक पडला तर तो अर्धवट काम करतोय.

संशोधनाच्या भाषेत याला हस्तक्षेप म्हणतात. नुसतं बघून ‘हा सिलिंडर कमजोर वाटतो’ म्हणणं हे निरीक्षण. मुद्दाम एक गोष्ट बंद करून परिणाम बघणं हा प्रयोग. त्यातही एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि सहाही सिलिंडरवर तेच करून तुलना करायची. मला प्रयोगरचनेच्या तासाला जे शिकवलं ते हेच.

एक अडचण मात्र आहे. पंपावर गव्हर्नर असतो. इंजिनचे फेरे पडले की तो उरलेल्या सिलिंडरांना थोडं जास्त डिझेल देऊन फेरे पुन्हा वर आणतो. म्हणून फक्त फेऱ्यांकडे बघितलं तर फसगत होते. नट सैल केल्याबरोबरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांकडे आणि इंजिनच्या हलण्याकडे लक्ष द्यायचं. याच गव्हर्नरमुळे सपाट रस्त्यावर ड्रायव्हरला पाच सिलिंडरची गाडी फारशी वेगळी वाटत नाही. खंबाटकी चढायला लागली, उरलेले पाचही आपल्या कमाल मापावर पोचले, की मग कळतं.

इथे जरा थांबा: सुरक्षेचं

ही परीक्षा माहीत असणं वेगळं आणि स्वतः करून बघणं वेगळं. तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, दाबाखालच्या डिझेलच्या फवाऱ्यासमोर बोट, तळहात, डोळा कधीही आणू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फार नाही, पण आत डिझेल पसरतं आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलमपट्टी करून घरी बसू नका. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा, आणि ‘दाबाने डिझेल आत शिरलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा.

दोन, सांडणारं डिझेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडू देऊ नका.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: ही परीक्षा फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर. कॉमन रेल इंजिनात पाइपातला दाब १,००० बारच्या पुढे जातो आणि तो सतत असतो. त्या गाडीचं नट चालू इंजिनात कधीच सैल करायचं नाही. तिथे सिलिंडर बंद करायचं काम स्कॅनर करतो.

पाना न लावता करायची एक सौम्य परीक्षाही आहे. गार इंजिन चालू करा आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाचं तापमान दुरून मोजायच्या थर्मामीटरने बघा. जो पेटत नाही त्याचं तोंड गार राहतं. जुने मिस्त्री पाण्याचे थेंब शिंपडून हेच बघतात: जिथे ‘चर्र’ होत नाही तो सिलिंडर. उशीर केलात तर उष्णता लोखंडातून शेजारी पसरते आणि फरक पुसला जातो.

तिसरा प्रश्न: तो सिलिंडर का गप्प आहे?

समजा चौथा सिलिंडर मेलेला निघाला. लगेच नवं नोझल आणू नका. जुनंच नोझल जागा बदलून बघा: चौथ्याचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं चौथ्याला. बसवताना तांब्याचा वायसर नवा टाका, एअर काढा, आणि नटाची परीक्षा परत करा.

मिसिंग दुसऱ्या सिलिंडरकडे गेलं, तर गुन्हेगार नोझल. मिसिंग चौथ्यातच राहिलं, तर नोझल निर्दोष. दोष पंपाच्या बाजूला किंवा सिलिंडरच्या आत. एकही नवा पार्ट न घेता तुम्ही शक्यता अर्ध्यावर आणलीत. सहाही नोझल एकदम बदलायचा सल्ला मिळाला तर आधी ही अदलाबदल करून मागा.

नोझल निर्दोष असेल तर पंपाकडून डिझेल येतंय का ते बघायचं. नट सैल असताना चौथ्याच्या पाइपातून इतरांसारखंच डिझेल उसळतंय का? इतरांपेक्षा खूप कमी येत असेल तर पंप खोलणाऱ्याकडे जायचं. हे काम टेस्ट बेंचवरच व्हायला हवं, कारण सहा प्लंजरची मापं एकमेकांशी जुळवावी लागतात.

धूरही साक्ष देतो. डिझेल आत जातंय पण पेटत नाही, तेव्हा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. ती न जळलेल्या डिझेलची वाफ असते. डिझेल आतच जात नसेल तर मिसिंग असूनही धूर नसतो. काळा धूर असेल तर डिझेल जास्त किंवा फवारा जाड, नोझल टपटपतंय, किंवा हवा कमी पडतेय.

गार असताना मिसिंग, तापल्यावर ठीक: असं का?

हा प्रकार खूप गाड्यांत दिसतो आणि त्यामागचं कारण मला सगळ्यात आवडतं.

या जातीच्या इंजिनात हवा साधारण सतरापट दाबली जाते. उष्णता कुठेच न गमावता असं झालं तर ३० अंशांची हवा ६५० अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात भिंती उष्णता खातात, थोडी हवा निसटते, आणि आपण ५०० अंशांच्या आसपास थांबतो. डिझेल तर २००-२५० अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकतं. मग अडचण काय?

अडचण वेळेची आहे. फवारा सुटल्यावर थेंबांची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची आणि मग पेटायची. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर क्रँक १० अंश फिरायला ३ मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. तेवढ्यात पेट घेतला नाही तर पिस्टन खाली निघतो, हवा पसरते, गार होते आणि संधी गेली. तापमान थोडं उतरलं की पेट घ्यायचा वेळ खूप वाढतो, सरळ प्रमाणात नाही. म्हणून ज्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन थोडं कमी आहे तो सकाळी चुकतो, आणि भिंती तापल्या की त्याच कॉम्प्रेशनवर चालायला लागतो. पाचगणीला डिसेंबरात चुकतो आणि नागपूरला मे महिन्यात चुकत नाही.

तापल्यावर बरं होणारं मिसिंग म्हणजे बहुधा कॉम्प्रेशन काठावर आलंय, किंवा नोझलचा फवारा जाड झालाय. दोन्हींत फरक करायला वरची अदलाबदल आहेच.

कॉम्प्रेशनवर संशय असेल तर आधी टॅपेट तपासा. गॅप शून्यावर आला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि दाबलेली हवा निसटते. फीलर गेज आणि अर्धा तास, एवढंच लागतं. मग नोझलच्या जागी गेज लावून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकड्यापेक्षा सहांमधला फरक जास्त बोलतो. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

शेवटची परीक्षा कानाची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरात कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि ती कुठून फुसफुसते ते ऐकतात. (हवेच्या जोराने क्रँक फिरू शकतो, इंजिन अडवून ठेवायचं आणि फॅनपासून हात लांब.) सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरमधून आला तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हेड उतरवायचं की पूर्ण इंजिन, हे इथे ठरतं. या परीक्षेआधी ते ठरवणं म्हणजे अंदाजावर पैसे लावणं.

आता प्रयोगशाळेची बाजू

मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला १० फेरे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला ५ वेळा. सहा मिळून ३० ठोके. सगळे सारखे असतील तर आपल्याला ३० हर्ट्झचा सलग घुमारा ऐकू येतो.

एक सिलिंडर चुकला की चक्र दर सहा ठोक्यांनी पुन्हा येतं, आणि ५ हर्ट्झची एक नवी लय तयार होते. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खालचा सूर ऐकत नाही. म्हणून मिसिंग सूर म्हणून ऐकू येत नाही. ते खड्ड्यांची लय म्हणून जाणवतं आणि सीटला बसलेल्या पाठीला कळतं.

ही लय सेन्सरच्या नोंदीतून वेगळी काढायला आम्ही फूरिये विश्लेषण वापरतो. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी ते झटपट करायची पद्धत प्रसिद्ध केली. तीच आज तुमच्या मोबाइलमध्येही चालते. निरोगी इंजिनात ३० हर्ट्झला मोठा खांब आणि ५ हर्ट्झला जवळजवळ काही नाही. आजारी इंजिनात ५ हर्ट्झचा खांब उगवतो.

दुसरी पद्धत क्रँकचा वेग मोजायची. स्लोवर १२० अंश फिरायला सुमारे ३३.३ मिलिसेकंद लागतात. ठोका चुकला की तेवढ्या तुकड्याला थोडा जास्त वेळ लागतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या कारना जी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली, ती पेट्रोल इंजिनातलं मिसिंग असंच पकडते. कारण प्रदूषणाचं: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो बाद होतो.

आता तीन अडचणी सांगतो, म्हणजे यात संशोधनाला काय उरलंय ते कळेल.

पहिली, वेग वाढला की खूण फिकी होते. फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग चौपट झाला तर साठा सोळापट. त्यातून एका ठोक्याची उणीव जवळजवळ दिसत नाही. खराब रस्ता आणखी भर घालतो. चाकाला बसलेला धक्का मागून क्रँकपर्यंत पोचतो आणि मिसिंगसारखा दिसतो. काही गाड्या तर खडबडीत रस्ता ओळखून तेवढ्यापुरती मिसिंगची तपासणी बंदच ठेवतात.

दुसरी, कोणता सिलिंडर हे ठरवायला ‘एक नंबर’ कुठे आहे ते कळावं लागतं. पुलीवर खूण लावली तर ती दोन फेऱ्यांच्या चक्रात दोनदा येते. या इंजिनाचा क्रम १-५-३-६-२-४. म्हणजे खूण दिसली तेव्हा वेळ एकची होती की सहाची, हे सांगता येत नाही. पाच-दोन आणि तीन-चार यांचीही अशीच गल्लत होते. त्यावर उपाय म्हणजे एक नंबरच्या डिझेल पाइपावर चिमट्यासारखा सेन्सर लावायचा. फवाऱ्याच्या वेळी पाइप किंचित फुगतो, तो फुगवटा सेन्सर टिपतो. काही कापायचं नाही, काही खोलायचं नाही.

तिसरी सगळ्यात फसवी. एक आणि सहा दोन्ही मेलेले असतील तर काय होईल? क्रमात ते बरोबर समोरासमोर आहेत. चक्र दर तीन ठोक्यांनीच पुन्हा येतं आणि ५ हर्ट्झचा खांब नाहीसा होतो. १० हर्ट्झला दुसरा उगवतो. म्हणजे फक्त ५ हर्ट्झकडे बघणारा प्रोग्रॅम एका बिघाडाला ओरडेल आणि दोन बिघाडांना ‘सगळं ठीक’ म्हणेल.

मशीन लर्निंगचा मॉडेल याहून हुशार असतो, पण त्याची सवय वेगळी आहे. एका इंजिनाच्या नोंदींवर तो शिकला की त्या इंजिनाची खोड म्हणजेच नियम असं धरून बसतो. दुसऱ्या ट्रकचं रबर माउंटिंग कडक झालेलं असतं, सायलेन्सरला भोक असतं, आणि उत्तरं चुकायला लागतात. म्हणून अशा मॉडेलची परीक्षा घ्यायची तर ज्या गाड्या त्याने कधी बघितल्याच नाहीत अशा गाड्यांवर घ्यायला हवी. एकाच गाडीच्या नोंदी अर्ध्या शिकायला आणि अर्ध्या परीक्षेला वापरल्या तर मार्क छान पडतात, पण ते पेपर फुटल्यासारखे.

आणि सगळं नीट चाललं तरी सेन्सर सांगतो ‘चार नंबर गप्प आहे’. का गप्प आहे, हे त्याला त्या कंपनांवरून सहसा सांगता येत नाही. नोझल बंद असो, रिंगा झिजलेल्या असोत, ठोका चुकला की क्रँक तसाच मंदावतो. ‘का’ कळायला कुणीतरी काहीतरी बदलून बघावं लागतं, आणि ते काम पान्याचं आहे.

गाडी तशीच चालवली तर?

चालते, म्हणून लोक चालवतात. पण न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या टाकीत उतरतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला पुरेसा थर मिळत नाही. सकाळी गार इंजिनाची ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर गाडी बाहेर काढू नका. नोझलचं छोटं काम क्रँकच्या मोठ्या कामात बदलायची ती वाट आहे.

पुढच्या वेळी गॅरेजला जाल तेव्हा ‘मिसिंग मारतेय’ एवढंच सांगू नका. चार गोष्टी सांगा: मिसिंग ठरावीक आहे की भटकं, गार असताना जास्त की तापल्यावरही तेवढंच, धूर कोणत्या रंगाचा, ऑइलची पातळी कुठे आहे. आणि एक विचारा: ‘कोणता सिलिंडर?’ नंबर सांगता येत नसेल, तर इंजिन खोलायची वेळ अजून आलेली नाही.